शाल मिळाल्यावर

मागल्या माघात आमच्या गोडदेवला सप्ताहात काल्याचे कीर्तन माझ्याकडे होते. लोकांनी शाल घातली, नारळ दिला, चार जाणती माणसे पाया पडली. घरी येताना मनात आले, चाळीस वर्षांचे सार्थक झाले! आणि त्यानंतर आठ दिवस मी पोथीचा रुमालच सोडला नाही.

नवव्या दिवशी शेजारचा मुलगा ज्ञानेश्वरी घेऊन आला. "बुवा, ह्या शब्दाचा अर्थ काय हो?" पाठशाळेत कौमुदी घोकलेला मी, पण तो प्राकृत शब्द काही लागेना. एक दृष्टांत सांगून त्याची बोळवण केली. तो गेला खरा, पण रात्री झोप येईना.

तेव्हा नाथमहाराज आठवले. एकादश स्कंधावरची त्यांची टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, काशीत पुरी झाली. अठरा हजारांवर ओव्या! प्राकृतात भागवत कसले, म्हणून नाक मुरडणाऱ्या पंडितांनीच पुढे ग्रंथाची मिरवणूक काढली, अशी संप्रदायात कथा आहे. काशीने मान दिल्यावर मिळवायचे राहिले काय?

पण पुढे पाहा. शके १५०६ मध्ये हेच नाथ दुसऱ्याच्या ग्रंथाचे पाठ ताडीत बसले होते. ज्ञानेश्वरी होऊन जवळजवळ तीनशे वर्षे लोटलेली. नकला करता करता कुठे शब्द फिरलेला, कुठे कोणी आपलीच ओवी घुसवलेली. ते सारे निवडून शुद्ध प्रत करायची, आणि तीही स्वतःची एक ओवी मध्ये न घालता. ओवी ज्यांच्या जिभेवर खेळे त्यांना हे किती जड गेले असेल! आम्हां कीर्तनकारांना तर दुसऱ्याच्या अभंगात आपला एक शब्द घातल्यावाचून चैन पडत नाही. असो. वर नाथांनी पुढच्यांनाही बजावून ठेवले, की ह्यात कोणी आपली भर घालू नये.

मग भावार्थरामायण घेतले. शके १५२१ मध्ये देह ठेवला तेव्हा युद्धकांडाचा चव्वेचाळिसावा अध्याय झालेला. उरलेले गावबाने पुरे केले.

सकाळी त्या मुलाला हाक मारली. म्हटले, "बाळा, काल मी तुला अर्थ सांगितलाच नाही. मला येत नव्हता. पोथी आण, मिळून पाहू." तो शब्द लागायला आम्हांला दोन दिवस गेले.