लेखणीचे मौन

लेखणी अडली की लेखक पहिला संशय स्वतःच्या प्रतिभेवर घेतो. झरा आटला असे तो समजतो, आणि त्याचे हितचिंतकही तसेच धरून चालतात. कोणी म्हणतो, स्फूर्तीची वाट पाहावी. कोणी म्हणतो, रोज ठरल्या वेळी बैठक मारावी आणि पाने भरावीत. दुसरा उपाय पहिल्याहून बरा, कारण त्यात निदान कष्ट तरी आहेत. परंतु लेखन ही एकट्या माणसाची करणी आहे, हे दोन्ही उपायांत गृहीत धरलेले असते. ते गृहीतकच एकदा तपासून पाहण्यासारखे आहे.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा वेढा व त्यानंतरची लूट त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. मिळालेले द्रव्य गेले. गंगेची कावड तेवढी घरी पोचली. एवढी सामग्री पदरी असता त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ एक ओळ लिहिली नाही. हा माणूस काय विसरला होता? मुळीच नाही. १८८३ च्या सुमारास चिंतामणराव वैद्यांनी लिहिण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्या स्मृतींतून ‘माझा प्रवास’ उभा राहिला. तोवर वाण होती ती विचारणाऱ्याची, आणि जोडीला सरकारची धास्ती होती. म्हणून ते पुस्तक भटजींच्या पश्चात, १९०७ साली प्रसिद्ध झाले.

विचारणारा प्रत्यक्षात नसेल तर तो कल्पावा लागतो. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी हेच केले. आम्हां लखनौकरांना ते १९२६ साली येथे स्थापन झालेल्या संगीत महाविद्यालयामुळे निकटचे वाटतात. परंतु त्याच्या कितीतरी आधी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा मोठा मराठी ग्रंथ त्यांनी लिहावयास घेतला होता. ग्रंथ सगळा गुरुशिष्यांच्या संवादात आहे. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो, त्या उत्तरातून पुढली शंका निघते. शास्त्रग्रंथाला हा घाट जुनाच आहे, हे खरे. तथापि रागांसारखा निसरडा विषय मराठी गद्यात मांडताना पंडितजींना समोर बसलेल्या त्या काल्पनिक शिष्याचा केवढा आधार झाला असेल! रिकाम्या खोलीला उद्देशून कोण किती बोलेल?

परप्रांतातल्या मराठी लेखकाची अडचण नेमकी हीच आहे. चारबाग स्थानकाविषयी येथे असे सांगतात की, आत गाड्या धडधडत असतात, पण पुढच्या कमानींबाहेर उभ्या असलेल्याला त्यांचा आवाज ऐकू येत नाही. ते कितपत खरे, हा वाद बाजूला ठेवू. येथल्या मराठी घराची मात्र ती स्थिती झाली आहे. मुले हिंदी वाचतात, सुना आपापल्या भाषा घेऊन येतात, आणि वडीलधाऱ्यांच्या मनात काय चालले आहे ते ओसरीपर्यंतही पोचत नाही. मग ते म्हणतात, “लिहून काय करायचे? वाचणार कोण?” या प्रश्नाला आळस म्हणणे अन्यायाचे होईल.

यावर कोणी म्हणेल की, श्रोत्याकडे पाहून लिहिणारा त्याच्या मर्जीचा गुलाम होतो. आक्षेप खोटा नाही. स्वतः वैद्यांनी विष्णुभटांच्या मजकुरावर आपला हात फिरवला. भटजींचे मूळ लेखन दत्तो वामन पोतदारांच्या संपादनातून वाचकांपुढे येण्यास १९६६ साल उजाडले. ऐकणारा ऐकता ऐकता बदल करतो, हा धोका आहेच. परंतु वैद्यांनी विचारलेच नसते, तर पोतदारांना संपादण्यासाठी काय उरले असते?

शिवाय श्रोता आपण योजतो तोच असतो असेही नाही. विष्णुभटांचे पुस्तक लखनौच्या चौकात राहणाऱ्या अमृतलाल नागरांच्या हाती पडले. नागर गुजराती कुळातले, हिंदीचे कादंबरीकार. त्यांनी ते ‘आँखों देखा गदर’ या नावाने हिंदीत उतरवले. पुढे १९५७ साली त्यांचे ‘गदर के फूल’ प्रसिद्ध झाले. त्यासाठी ते अवधच्या गावोगाव हिंडले आणि बंडाच्या आठवणी लोकांच्या तोंडून ऐकून घेतल्या. वरसईच्या भटजींनी हा वाचक स्वप्नातही कल्पिला नसेल.

तेव्हा लेखणीच्या मौनाचा जाब एकट्या लेखकाला का विचारावा? त्याचा निम्मा दोष तरी न विचारणाऱ्यांकडे जातो. घरातला वृद्ध गप्प आहे, त्याअर्थी त्याला सांगण्यासारखे काही नाही, असे ठरवणे सोयीचे असते. त्याच्याजवळ बसून “मग पुढे काय झाले?” असे विचारण्यास वेळ लागतो, आणि उत्तर लांबले तर धीरही लागतो. त्यासाठी विद्वत्ता किंवा वयाचा अधिकार लागतो असे मात्र नाही. विष्णुभटांना लिहिते केले तेव्हा चिंतामणराव वैद्य जेमतेम बाविशीचे होते.