नाणेघाटांतील रांजण व आपली साक्ष

जुन्नराहून घाटघरावरून नाणेघाटाच्या माथ्यावर जाणाऱ्या वाटसरूस एक मोठा दगडी रांजण दिसतो. पूर्वीं कोंकणांतील बंदरांचा माल ह्याच घाटानें जुन्नरास चढत असे. तेव्हां जकातीचीं नाणीं ह्या रांजणांत टाकीत, असें जुन्नर व आंबेगांव तालुक्यांत लोक सांगतात. आम्हींही मुलांस हेंच सांगत आलों. परंतु हें आपणांस खरोखर ठाऊक आहे काय?

जवळच्या लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा म्हणून प्रसिद्ध असलेला, सुमारें २,००० वर्षांपूर्वींचा ब्राह्मी लेख आहे. जर्मन पंडित ब्यूलर यांनीं तो १८८३ सालीं छापला. त्याचा जो भाग वाचतां येतो, त्यांत गाई, घोडे व हजारों कार्षापण नाणीं यांचा उल्लेख आहे. पण ती यज्ञांतील दक्षिणा होय, जकात नव्हे. रांजणाविषयीं एक अक्षर नाहीं. त्याच लेण्यांत राजकुळाच्या मूर्ति होत्या. त्या नष्ट झाल्या, वरचीं नांवें राहिलीं. बाहेर रांजण राहिला, त्याची हकीकत गेली.

घाटांत पाण्याचीं टाकींही कोरलेलीं आहेत. तेव्हां रांजण तहानलेल्यांसाठीं असेल, जकातीसाठींही असेल.

कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीनें काय बिघडतें? आम्हांस वाटतें, पुष्कळ बिघडतें. जो शिक्षक ‘म्हणतात’ ह्याच्या जागीं ‘आहे’ म्हणतो, त्याच्या सर्वच ‘आहे’ची किंमत उतरते. थैलींत एक नाणें खोटें निघालें, कीं सावकार सगळीं वाजवून पाहतो.

यहोशवानें यार्देनेंतील १२ धोंडे गिलगालांत उभे केले, तेव्हां मुलांनीं विचारल्यास काय सांगावें, हेंही लोकांस सांगून ठेविलें. धोंडा स्वतः बोलत नाहीं. सांगणारे गेले म्हणजे तो मुका होतो. मुक्याच्या तोंडीं आपले शब्द घालणें ही खोटी साक्षच होय.

तर बंधुभगिनींनो, मुलांस घाटावर न्याल तेव्हां ‘जकातीचा रांजण असें लोक म्हणतात, आम्हांस ठाऊक नाहीं,’ असें निःशंकपणें सांगा. आपल्या बांधावर किंवा वेशींत जुना धोंडा उभा असेल, तर तो पायरीसाठीं फोडूं नका. आज जें आपणांस कळत नाहीं, तें उद्यां कोणास कळेल. पण धोंडा जागेवर असला तरच.