एकाच बाजूची परीक्षा

स्वमग्न (ऑटिस्टिक) माणूस आपल्याच जगात असतो, इतरांकडून तो काही शिकत नाही, हे आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं की त्याला पुरावा मागावा असं कुणाला वाटतच नाही. समजूत मात्र फार जुनी नाही. १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांची निरीक्षणं प्रसिद्ध केली आणि माणसांशी भावनिक नातं न जुळणं हे त्या मुलांचं जन्मजात लक्षण ठरवलं. १९८५ मध्ये लंडनच्या तीन संशोधकांनी सॅली आणि अ‍ॅन या बाहुल्यांचा प्रयोग केला. सॅलीने टोपलीत ठेवलेली गोटी तिच्या माघारी अ‍ॅन डब्यात लपवते. परत आलेली सॅली गोटी कुठे शोधेल? २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांचं उत्तर चुकलं. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे यांना उमगत नाही, असा अर्थ निघाला. प्रयोग सुबक होता. पण मुलांवरून काढलेला तो अर्थ मोठ्यांनाही चिकटला, आणि त्यांना शिकवायचं म्हणजे नजर भिडवायला आणि वेळेवर हसायला लावायचं, एवढंच उरलं.

स्वमग्न माणसाच्या मनातलं बाकीच्यांना कितपत कळतं, हे मात्र तोवर फारसं कुणी तपासलं नव्हतं. २०१२ मध्ये ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी हाच मुद्दा मांडला: न समजणं दोन्हीकडून असतं. मिल्टन स्वतः स्वमग्न आहेत, हा मला योगायोग वाटत नाही. स्वमग्न प्रौढांना हे अनुभवाने ठाऊकच होतं. अमेरिकेत जिम सिंक्लेअर आणि सहकारी १९९६ पासून ‘ऑट्रीट’ ही स्वमग्नांची शिबिरं भरवत होते. तिथे ‘आत्ता बोलू नका’ हे रंगीत बिल्ल्याने सांगता येई. अशा मोकळीकीत माणसं एकमेकांकडून शिकत.

मग २०२० मध्ये एडिंबरामध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी प्रौढांच्या आठ-आठ जणांच्या साखळ्या केल्या. पहिल्याने ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत तपशील एकही स्वमग्न नसलेल्या साखळीइतकेच टिकले, गळती झाली ती मिश्र साखळीत. मिल्टन यांना यापेक्षा सोयीचा पुरावा मिळाला नसता. पण २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३११ जणांच्या अभ्यासात मिश्र साखळीही मागे पडली नाही. फरक उरला तो कुणाच्या सहवासात मोकळं वाटतं, यापुरता. म्हणजे ‘स्वमग्नांचं स्वमग्नांशीच जमतं’ हेही घाईचंच. मात्र ते माणसांकडून शिकत नाहीत, या मूळ समजुतीला दोन्ही अभ्यासांत आधार सापडत नाही.

२०१७ चा आणखी एक अभ्यास आहे. स्वमग्न प्रौढांची चित्रफीत काही सेकंद पाहिली की बघणाऱ्यांचं मत प्रतिकूल होई. त्यांचंच बोलणं नुसतं कागदावर वाचलं की तो फरक नाहीसा होई. तेव्हा मुलाखती घेणाऱ्यांनी आणि प्रशिक्षण देणाऱ्यांनी प्रश्न आधी लेखी द्यावेत, उत्तरालाही लेखी वाट ठेवावी आणि उमेदवार कुठे बघतोय याचे गुण कापू नयेत.