मोजलेली सेवा

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. वर्षाला १२० तास काम, सात दिवसांचे निवासी शिबिर, शेवटी प्रमाणपत्र. शिवाजी विद्यापीठाच्या महाविद्यालयांतली मुलेमुली अशीच कोल्हापूरच्या खेड्यांत मुक्कामाला जातात. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यान, रात्री गाणी.

तास मोजून केलेली सेवा निष्काम म्हणायची का?

गीता फळावरचा हक्क सोडायला सांगते, कामातली काळजी नव्हे. डोंगरउतारावर पायवाट बांधताना हे हाताला कळते. पन्हाळा-शाहूवाडीच्या पावसात पाणी वाटेवरूनच धावू लागले, तर वाटेचा ओहोळ होतो. म्हणून तिला दरीच्या अंगाला किंचित उतार द्यायचा, आडवे दगड घट्ट बसवायचे, चर खणायचा. पहार दगडाखाली सरकवताना प्रमाणपत्र कुणाला आठवणार?

गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. त्यांचा झाडूही उपासनाच होता. कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर ‘कमवा आणि शिका’ म्हणत विद्यार्थ्यांच्या घामाला उघड मोल दिले. त्या मोलावर गरिबाघरची मुले शिकली. त्यांच्या श्रमाला कमी पवित्र म्हणणे अन्यायाचे आहे, आणि शिबिरातल्या नोंदवहीबद्दलही तेच म्हणावे लागेल.