आधी बोक्याची परवानगी

चि. सोनू,


तुझ्या बोक्याचे, गोट्याचे, फोटो मिळाले. गोट्या झोपलेला, गोट्या जांभई देताना, गोट्याची नुसती शेपटी, आणि एकात तर गोट्या नाहीच, फक्त हललेला सोफा. खाली तुझा प्रश्न : ‘आत्या, कॅमेरा कोणता घेऊ? पुढच्या महिन्यात इस्तंबूलला जायचंय, तिथली मांजरं टिपायचीत.’ कॅमेऱ्याचं शेवटी सांगते. आधी बिनपैशाचं वाच.

घरचं मांजर आणि वाटेत भेटलेलं मांजर हे दोन वेगळे विषय आहेत. घरच्या मांजराची जागा तुला पाठ असते, म्हणून फोटोत यायला हवी ती त्याची सवय. वाटेवरच्या मांजराची सवय कळायला तुझ्याकडे वेळच नसतो, म्हणून तिथे फोटोत यायला हवी ती त्याची जागा आणि त्या जागेतली माणसं. दोन्हीकडे अट मात्र एकच. मांजर निर्धास्त असलं पाहिजे. कुत्रा तुझ्यासाठी बसून राहील. मांजर स्वतःसाठीच बसतं आणि तू त्या वेळी तिथे असतेस, एवढंच.

घरापासून सुरुवात कर. तुझे बहुतेक फोटो उभं राहून, वरून खाली काढलेले आहेत. त्यांत गोट्याचं डोकं मोठं, पाय आखूड आणि मागे सगळी फरशी. जमिनीवर पालथी पड, कोपर टेकव आणि फोन त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आण. अमेरिकेतल्या वॉल्टर चांडोहा यांनी जन्मभर मांजरांचे फोटो काढले. १९४९च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कच्या बर्फात त्यांना एक पिल्लू सापडलं, ते त्यांनी घरी आणलं आणि तिथून पुढे त्यांच्या संग्रहात नव्वद हजारांच्या वर मांजरांचे फोटो जमले. त्यांच्याकडे स्टुडिओतले दिवे होते, सगळी सामग्री होती, तरी मांजराच्या नजरेच्या पातळीला उतरणं त्यांनी सोडलं नाही. मग आपल्याला दोन खोल्यांच्या घरात लाज कसली?

उजेडाचं गोट्याला तुझ्याहून जास्त कळतं. सकाळी ऊन गॅलरीत कुठे येतं आणि दुपारी कुठल्या खिडकीच्या कठड्यावर सरकतं, हे बघायचं तर दोन रविवार त्याच्या मागे राहा. मग तो येण्याआधी तिथला वाळत घातलेला टॉवेल, पाण्याची बाटली, चार्जरची वायर उचलून ठेव. कपडे वाळत घालायच्या दांडीचं काही करता येत नसेल तर तू जरा बाजूला सरक. फोटो काढण्याचं निम्मं काम हे असं आवराआवरीचं असतं, आणि ते मांजर हजर नसताना करायचं असतं.

फ्लॅश बंद. मांजराच्या डोळ्यात पडद्यामागे परावर्तक थर असतो. अंधारात आलेला थोडका उजेड तो परत फेकतो, म्हणून तर त्याला रात्री इतकं दिसतं. फ्लॅश मारलास की तोच थर चमकतो, फोटोत डोळ्यांच्या जागी दोन हिरवे दिवे येतात आणि बोका दचकतो तो वेगळाच. भर उन्हात बाहुली उभ्या चिरेसारखी होते, मऊ उजेडात गोल होते. करारी चेहरा हवा तर ऊन, गोड चेहरा हवा तर खिडकीपासून हातभर आत. पण पुरेसा उजेड असूनही बाहुल्या एकदम मोठ्या झाल्या, कान मागे गेले आणि शेपटी फरशीवर आपटायला लागली, तर फोन खिशात घाल. ती नापसंती आहे.

गोट्या काळा. तुझा अर्धा त्रास तिथे आहे. काळं काही समोर आलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे. तो उजेड वाढवतो आणि तुझा काळाभोर बोका राखाडी होतो. फोनवर गोट्याच्या चेहऱ्यावर बोट टेकव आणि उजेडाची खूण थोडी खाली ओढ. कॅमेरा असेल तर एक्स्पोजर उणे एकच्या आसपास ने. पांढऱ्या मांजराला उलट, अधिक एक. काळ्या मांजराला काळ्या सोफ्यावर काढू नकोस, खाली फिकी गोधडी टाक. उजेड समोरून न घेता बाजूने घे, म्हणजे अंगावरचे केस वेगळे दिसतात आणि नाकाडोळ्यांना आकार येतो. काळं मांजर आडवं गेलं की थांबणारी माणसं आपल्याकडे अजून आहेत. त्यांच्या भिंतीवर लावण्याजोगा एक तरी फोटो तुझ्या हातून व्हावा.

उडीचा फोटो ट्यूबलाइटखाली काढायचा हट्ट सोड. चालत्या मांजराला १/२५० सेकंद लागतात, उडीला १/१००० किंवा त्याहून कमी, आणि घरातल्या दिव्यांत तेवढा उजेडच नसतो. शिवाय काही एलईडी दिवे आपल्या विजेच्या लयीवर लुकलुकतात. डोळ्यांना ते कळत नाही, फोटोत पट्टे उमटतात. उडी दिवसा, उघड्या दारापाशी, सलग फोटोंचं बटण दाबून धरून. कुठून कुठे उडी मारणार ते तुला ठाऊकच आहे, तेव्हा तो जिथे उतरणार तिथे आधीच फोकस लाव. ‘पोर्ट्रेट’ मोडचं फार कौतुक करू नकोस. तो मागचं धूसर करताना मिशांची टोकं आणि कानांतले केस खातो, आणि मिशा गेलेला बोका बोका वाटत नाही. त्यापेक्षा गोट्यामागची भिंत लांब ठेव आणि तू जवळ जा.

खाऊच्या पुडीचा आवाज करून त्याला बघायला लावतेस, ते कमी कर. मांजराला माणसाच्या तिप्पट उंच स्वर ऐकू येतात. तुझी पुडी त्याने दुसऱ्या खोलीतच ओळखलेली असते. दोनदा खाऊ न देता वाजवलीस की तिसऱ्यांदा तो कान फक्त वळवेल, मान नाही. फोनचा शटरचा आवाज मात्र जरूर बंद कर. नजर हवी असेल तर दुसरा उपाय आहे. टक लावून पाहणं त्याला धमकीसारखं वाटतं, तेव्हा त्याच्याकडे बघून डोळे हळूहळू बारीक कर, मीट, उघड. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२०मध्ये हे तपासून प्रसिद्ध केलं : असं केल्यावर मांजरंही उलट डोळे बारीक करतात आणि अनोळखी माणसाजवळही जास्त सहज येतात. इस्तंबूलच्या तिकिटाइतकंच हे लक्षात ठेव.

आणि गणपतीत गोट्याला जो फेटा बांधला होतास, त्याबद्दल. ही हौस नवी नाही. इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या हॅरी पॉइंटर यांनी १८७०च्या दशकात आधी दूध पिणारी, झोपलेली मांजरं टिपली आणि मग तीनचाकी सायकलवर, चहाच्या सरंजामापुढे बसवून, खाली मजकूर छापून कार्डं विकली. १९४८मध्ये फिलिप हॉल्समन यांनी चित्रकार दालींच्या प्रसिद्ध फोटोसाठी तीन मांजरं आणि बादलीभर पाणी पुन्हापुन्हा हवेत फेकवलं. फोटो अजोड आहे, पण त्यात मांजरांना कुणी विचारलं नव्हतं. फेट्यातल्या गोट्याचे कान बघ, तोही हेच सांगतोय.

घरचं आणखी एक काम आजच कर. साधे, सुंदर नसलेले चार फोटो काढून ठेव : समोरून चेहरा, उजवी बाजू, डावी बाजू, आणि पोटावरचा तो पांढरा ठिपका. देव न करो, बोका हरवला तर सोसायटीच्या फलकावर कलात्मक फोटो उपयोगी पडत नाही. आणि महिन्यातून एकदा त्याच कठड्यावर, त्याच जागेवरून एक फोटो काढ. घरात वाढलेलं मांजर बारा-पंधरा वर्षं सहज जगतं. एका चांगल्या फोटोत जे मावत नाही ते अशा मालिकेत मावतं.

आता प्रवास. इस्तंबूलची मांजरं कुणाच्या मालकीची नाहीत, पण बेवारसही नाहीत. खाटीक, चहावाला, पुस्तकांचा दुकानदार, मशिदीचा सेवक यांच्यात ती वाटलेली असतात. दारात वाट्या असतात, थंडीसाठी लाकडी घरटी असतात. काडिकॉय भागात टोंबिली नावाचं एक गलेलठ्ठ मांजर पायरीवर कोपर टेकून बसायचं. त्याचा तसा फोटो जगभर फिरला आणि ते गेल्यावर २०१६मध्ये लोकांनी त्याच ऐटीतला पुतळा बसवला. त्या फोटोत मांजराइतकीच ती पायरी आणि तो रस्ता महत्त्वाचा आहे, म्हणून लोकांना तो आपला वाटला. आयासोफिया या तिथल्या ऐतिहासिक वास्तूतली ग्ली ही मांजरी २०२०च्या नोव्हेंबरमध्ये गेली. तिच्या फोटोंत संगमरवरी फरशी आणि लटकते दिवे नसते तर ती कुठलीही गोड मांजरी ठरली असती. जायच्या आधी जेयदा तोरून यांचा २०१६चा ‘केदी’ हा माहितीपट बघ. मांजरांच्या उंचीला कॅमेरा नेला की शहराच्या पायऱ्या, टेबलांचे पाय, माणसांचे जोडे यांचं काय होतं ते त्यात दिसेल. जपानचे मित्सुआकी इवागो हे वन्यप्राण्यांचे नामांकित छायाचित्रकार. २०१२पासून एनएचके वाहिनीवर ते देशोदेशीच्या गल्लीतली मांजरं दाखवतात. वाघसिंह टिपून झाल्यावरही त्यांना तो विषय लहान वाटला नाही.

म्हणून तिथे जवळच्या फोटोची घाई करू नकोस. आधी लांबून, दुकानाची पाटी, रचलेल्या संत्र्यांचा ढीग, बसलेले आजोबा सगळं धरून एक काढ. मग खाली बस. मांजर आपणहून आलं तर जवळचा काढ. नाही आलं तर पहिला फोटो तुझ्याकडे आहेच, आणि बहुधा तोच चांगला असतो. मांजर ज्याच्या दारात असेल त्याला आधी हसून विचार. भाषा येत नसली तरी मांजराकडे आणि फोनकडे बोट दाखवलं की कळतं. ती माणसं मग मांजराला नावाने हाक मारतात, आणि तू इतका वेळ वाट पाहिलेली नजर त्यांच्या एका हाकेवर मिळते. मशिदीत नमाजाच्या वेळी कॅमेरा बाहेर काढायचा नाही, मांजर कितीही सुरेख बसलं असलं तरी. वेळ पहाटेनंतरची किंवा दिवेलागणीची. तेव्हा मांजरं हालचाल करतात, दुकानं उघडतात वा बंद होतात आणि ऊन तिरकं असतं. दुपारी ती झोपतात, तूही झोप.

हा सराव करायला इस्तंबूलची वाट बघू नकोस. हर्णै बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो, तिथे ये. होडीतून उतरणाऱ्या पाट्या, कोळणींची ओरड, आणि या गर्दीत कुणाच्या पाटीतून काय पडेल यावर ध्यान लावून बसलेले बोके. शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं फावलं म्हणतात, पण तिथे बघशील की बोका शिंकं तुटायची वाट बघत बराच वेळ बसलेला असतो. त्याच्याइतकी तू बसलीस तर फोटो मिळेल. मात्र मावशींना आधी विचार. ती त्यांची धंद्याची वेळ आहे, आणि धक्का ही नटून फोटो काढायची जागा नाही. पुढे कधी महाबलीपुरमला गेलीस तर गंगावतरणाच्या मोठ्या शिळेवर, खाली, दोन्ही हात वर करून तप करणारा बोका शोध. पायाशी उंदीर आहेत. सातव्या शतकातल्या कारागिरानेही मांजर एकटं कोरलं नाही, सोबत त्याची दुनिया कोरली.

दोन गोष्टी दटावून सांगते. अनोळखी मांजराला हात लावू नकोस, फोटोसाठी उचलू तर मुळीच नकोस. पिल्लं एकटी दिसली तर आई बहुतेक जवळपास असते, तू दूर झालीस की येते. दूध पाजू नकोस, मोठ्या मांजरांना ते बहुधा पचत नाही. ओरखडा किंवा चावा लागलाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धू आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, रेबीजच्या लशीचं विचार. ‘एवढंसं तर आहे’ हे वाक्य तिथे चालत नाही. दुसरं, जिथे कुणी मांजरांना रोज खाऊ घालतं ती नेमकी जागा फोटोखाली लिहून जगाला सांगू नकोस. अशा जागा कळल्या की लोक नको झालेली मांजरं तिथे आणून सोडतात, आणि खाऊ घालणाऱ्या बाईच्या मागे शेजारी लागतात. शहराचं नाव पुरे.

आता कॅमेरा. २०१९पासून मांजराचा डोळा आपणहून ओळखून त्यावर फोकस धरणारे मिररलेस कॅमेरे येऊ लागले, आणि ते खरंच उपयोगी आहेत. पण डोळा धरला म्हणजे फोटो झाला असं नाही. तू सध्या फोनच घेऊन जा. परत आल्यावर हात शिवशिवत असतील तर जुना, चांगल्या स्थितीतला कॅमेरा आणि एफ १.८ची ५० मिलिमीटरची लेन्स घेऊ. घरातल्या खिडकीला ती पुरते आणि खिशालाही.

आल्यावर मला शंभर फोटो पाठवू नकोस. पाच पाठव. प्रत्येकाखाली ते मांजर कुणाच्या दारातलं आणि त्याला तिथे काय म्हणून हाक मारतात, हे लिही. ज्याखाली लिहिता येणार नाही, तो तुझा तू खोड.

तुझी,
आत्या