पंचगंगा : पुढील पिढ्यांची ठेव

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

भाविकहो,

आपण श्रद्धेने अर्पण केलेला दागिना पावती होताच देवीचा होतो. आम्ही त्याचे मालक नव्हे, विश्वस्त. तो जपावा आणि पुढील विश्वस्तांच्या हाती तसाच सोपवावा, एवढाच आमचा अधिकार. देवता स्वतः न्यायालयात बोलत नाही. म्हणून कायदा तिला अज्ञान बालकाप्रमाणे मानून तिच्या मालमत्तेचे रक्षण करतो.

आपली पंचगंगाही अशीच एक ठेव आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती यांच्या संगमातून प्रयाग चिखली येथे ती आकारास येते व नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. नद्या व वने ही जनतेची ठेव असून शासन तिचे विश्वस्त आहे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बियास नदीच्या खटल्यात मान्य केले. त्यापूर्वी, १९९३ साली, फिलिपिन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीविरुद्ध उभ्या राहिलेल्या मुलांना अजून न जन्मलेल्या पिढ्यांच्या वतीनेही दाद मागण्याचा हक्क मान्य केला. जे अद्याप जन्मलेले नाहीत, त्यांच्यासाठी जिवंतांनीच बोलावयाचे असते.

राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम हाती घेतले. १९२२ साली ते निवर्तले, तेव्हा धरण अपुरेच होते. त्याचे पाणी आपण आज वापरतो. आपण मात्र पुढच्यांना काय देणार? २०१२ साली याच नदीकाठच्या इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची साथ आली आणि अनेक कुटुंबांनी आपली माणसे गमावली.

नदी बिघडते ती मुख्यतः शहरे-गावांच्या सांडपाण्याने व कारखान्यांच्या दूषित पाण्याने. निर्माल्याचा वाटा त्यामानाने लहान. परंतु जो स्वतःचा लहान दोष सोडत नाही, त्याने मोठ्यांना जाब कोणत्या तोंडाने विचारावा? म्हणून निर्माल्य कलशातच द्यावे, घाटावर प्लास्टिक व जुनी वस्त्रे सोडू नयेत. देणगीदार आमच्याकडे देणगीचा हिशेब मागतात, तो त्यांचा हक्कच आहे. गावी परतल्यावर आपल्या ग्रामसभेत वा नगरपालिकेत सांडपाण्याचाही असाच हिशेब मागावा. नद्यांचे रक्षण हे संविधानाच्या अनुच्छेद ५१ क प्रमाणे आपले मूलभूत कर्तव्य आहे.

देवीच्या चरणी ठेवलेले फूल सायंकाळी सुकते; नातवंडांसाठी राखलेले निर्मळ पाणी हीच टिकणारी पूजा होय.

आपला नम्र,
सचिव, न्यास कार्यालय, कोल्हापूर