पडायला शिकवणारे गुरुजी



आपल्या धर्मग्रामातील बरीच मुले हल्ली कराटे किंवा ज्युदोच्या वर्गाला जातात. ज्युदोला पहिल्यांदा गेलेले मूल घरी आले, की आपण कौतुकाने विचारतो, "आज काय शिकलास?" ते सांगते, "पडायला." आपला थोडा हिरमोड होतो. फी भरली ती पोराने दुसऱ्याला पाडायला शिकावे म्हणून, आणि सर त्यालाच पडायला लावतात! पण ज्युदोची सुरुवात सगळीकडे अशीच होते. हनुवटी छातीकडे घ्यायची, डोके जमिनीला लागू द्यायचे नाही, हात मॅटवर सपाट आपटायचा. हे अंगवळणी पडल्यावरच दुसऱ्याला उचलून टाकण्याचे डाव.

ही विद्या ज्यांनी घडवली त्या जपानच्या जिगोरो कानो यांच्याविषयी आज थोडे बोलू या. ते ख्रिस्ती नव्हते, हे आधीच सांगितलेले बरे. परंतु इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातले काहीही ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली जाहीर केले. तेव्हा एका चांगल्या शिक्षकाकडून चार गोष्टी घ्यायला आपल्याला संकोच नसावा.

कानो यांचा जन्म १८६० साली कोबेजवळच्या मिकागे गावी झाला. साके ही तांदळाची दारू बनवणारे त्यांचे सधन घराणे. आई लहानपणीच वारली आणि शिक्षणासाठी ते टोकियोला आले. मुलगा हुशार, पण अंगाने किरकोळ. मोठेपणीही उंची पाच फूट दोन इंचांच्या आसपासच राहिली. शाळेतील दांडगी मुले त्याला छळत. तेव्हा जुजुत्सु ही जुनी झुंजविद्या शिकायचे त्याने मनाशी ठरवले. पण तो काळ निराळा होता. जपानला पाश्चात्त्य गोष्टींची ओढ लागली होती, सामुराईंचे दिवस संपले होते आणि त्यांची विद्या अडगळीत पडली होती. वडिलांनीही नकार दिला. मग गुरू शोधायचा कुठे? कानोंना ठाऊक होते, की निखळलेली हाडे बसवणाऱ्यांना बहुधा जुजुत्सुची माहिती असते. म्हणून ते हाडवैद्यांचा शोध घेत फिरले, आणि १८७७ साली अशाच एका हाडवैद्याने त्यांना फुकुदा हाचिनोसुके या गुरूंकडे धाडले.

फुकुदांची शिकवण्याची रीत मोठी गमतीची. एकदा कानोंनी विचारले, हा डाव नेमका करायचा कसा? गुरूंनी त्यांना उचलून आपटले. उठून पुन्हा विचारले, पुन्हा आपटले. असे काही वेळा झाल्यावर गुरूंनी सांगितले, की विचारून हे कळायचे नाही, पुष्कळदा करूनच कळेल. कानोंचे अंग मुक्या माराने भरून जाई. मलमपट्ट्या लावून ते अभ्यासाला जात आणि सोबती हसत.

बंधुभगिनींनो, धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण मुलांना दहा आज्ञा शिकवतो, पाप कशाला म्हणतात ते शिकवतो. पडू नये म्हणून सगळे शिकवतो. पण पडल्यावर काय करायचे, हे कितीसे शिकवतो? त्या एकाच रात्री पेत्र पडला आणि यहूदाही पडला. पश्चात्ताप दोघांनाही झाला. यहूदाने तर घेतलेली चांदीची नाणी परत नेऊन टाकली. पण त्याला पडताच आले नाही. तो जो कोसळला तो डोक्यावरच कोसळला. पेत्र बाहेर जाऊन रडला आणि परत आपल्या भावांमध्ये येऊन बसला. एवढाच काय तो फरक, आणि केवढा फरक!

१८८२ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, कानोंनी टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरात आपली शाळा सुरू केली. तिचे नाव कोडोकान. जागा बारा चटयांची, म्हणजे आपल्याकडची एखादी बऱ्यापैकी खोली. पहिल्या वर्षी शिष्य जेमतेम नऊ. मुले आपटू लागली, की जमीन हादरे आणि मंदिरातल्या पूर्वजांच्या स्मृतिफलकांच्या पाट्या खाली पडत. तिथल्या पुजाऱ्यांचे मन शांत राहणे कठीणच होते! (युवकांच्या कार्यक्रमाचा आवाज ऐकून आम्हालाही त्या पुजाऱ्यांची आठवण येते.) मग कानो आणि त्यांचा शिष्य दिवा घेऊन जमिनीखाली शिरत आणि मोडलेल्या तुळया सावरत. शिष्यांकडून फी घ्यायची नाही, असा सुरुवातीचा नेम. दिवसा कानो स्वतः एका विद्यालयात शिकवत आणि रात्री भाषांतरे करत. त्या पैशातून मुलांच्या जेवणाचा आणि कपड्यांचा खर्च चाले.

जुजुत्सुचे 'ज्युदो' हे नाव त्यांनी विचार करून ठेवले. 'जुत्सु' म्हणजे कसब आणि 'दो' म्हणजे मार्ग. प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात पहिल्या ख्रिस्ती लोकांनाही 'मार्गाचे' लोक म्हटले आहे, हे इथे सहज आठवते. 'ज्यु' म्हणजे सौम्य, लवचीक. आपल्या भाषेत सांगायचे तर नमते घेणारा. कानो एक हिशेब सांगत. समोरच्याची ताकद दहा आणि माझी सात. तो मला ढकलतो आणि मी अडून राहतो, मी हरणारच. पण त्याने ढकलताच मी मागे सरलो, तर त्याचाच तोल जातो. त्या क्षणी तो तीनचा उरतो, आणि माझे सात माझ्यापाशी शाबूत असतात.

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने सौम्य माणसांना धन्य म्हटले, तेव्हा ऐकणाऱ्यांना ते भाबडेपणाचे वाटले असेल. आपल्यालाही वाटतेच. पण सौम्य म्हणजे दुबळा नव्हे. अर्थात ही उपमा फार ताणू नये. ज्युदोत नमते घ्यायचे ते शेवटी समोरच्याला पाडण्यासाठी. प्रभूने क्रुसावर नमते घेतले ते पाडणाऱ्यालाच उठवण्यासाठी. तरीही आपण निदान पहिली पायरी तरी चढलो आहोत का? वाडीच्या वाटणीवरून, विहिरीच्या पाण्यावरून, बांधाच्या हातभर जमिनीवरून भावाभावांत वर्षानुवर्षे बोलणे नाही. दोघेही एकाच मिस्साला येतात, एक पुढच्या दाराने, दुसरा बाजूच्या. शांतीच्या अभिवादनाच्या वेळी नेमकी उलट दिशेला मान वळते. विचारावे तर दोघांचे उत्तर एकच, "मीच का नमते घ्यायचे?" आईच्या मयताला दोघे शवपेटीच्या दोन बाजूंना उभे राहिलेले आम्ही पाहिले आहेत. त्या दिवशी वेदीपाशी उभे राहून काय बोलावे, ते आम्हाला सुचले नव्हते.

कानोंच्या आयुष्यातील एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १८९४-९५ साली जपान आणि चीन यांच्यात युद्ध झाले आणि चीन हरला. लगेच पुढच्या वर्षी चीनहून तेरा विद्यार्थी जपानला शिकायला आले आणि त्यांच्या शिक्षणाची जबाबदारी कानोंनी घेतली. पुढे अशा विद्यार्थ्यांसाठी त्यांनी स्वतंत्र शाळाच काढली. चीनचे थोर लेखक लू शुन १९०२ साली जपानला आले ते याच शाळेत. कालपरवाच्या शत्रूची मुले आपल्या वर्गात बसवायची आणि त्यांना भाषा शिकवायची, हे मॅटवरच्या कुठल्याही डावापेक्षा अवघड. 'आपले आणि दुसऱ्याचे, दोघांचेही कल्याण' हे तत्त्व त्यांनी पुढे ज्युदोच्या मुळाशी ठेवले. त्याची मुळे आम्हाला त्या वर्गातही दिसतात.

शिकवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी आणखी एक गोष्ट. कानोंचे एक गुरू इइकुबो. वय झाले तरी सरावात ते कानोंना हटकून पाडत. एके दिवशी मात्र उलटे झाले. त्यांचा एकही डाव लागेना आणि कानो त्यांना पुन्हापुन्हा पाडू लागले. समोरच्याचा तोल आधी कसा ढळवायचा, हे शिष्याला उमगले होते. त्याने ते गुरूंना समजावून सांगितले. इइकुबो रागावले नाहीत. आता तुला शिकवण्यासारखे माझ्याकडे काही उरले नाही, असे म्हणून त्यांनी आपल्या विद्येचे ग्रंथ त्याच्या हवाली केले. योहान बाप्तिस्ता येशूकडे बोट दाखवून आपण मागे सरला, तो हाच मोठेपणा. आमच्यासारख्या व्यासपीठ न सोडणाऱ्यांना तो जड जातो.

१९०९ साली कानो आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे आशियातील पहिले सदस्य झाले. १९३८ साली कैरोची बैठक आटोपून 'हिकावा मारू' या जहाजाने परतत असताना न्यूमोनियाने त्यांना गाठले. ४ मे रोजी, योकोहामा दोन दिवसांवर असताना, ते वारले. ते जहाज आजही योकोहामाच्या बंदरात जतन करून ठेवले आहे.

ज्युदो ऑलिंपिकमध्ये प्रथम खेळले गेले ते १९६४ साली, टोकियोतच. शेवटच्या दिवशी खुल्या गटात जपानचा कामिनागा आणि हॉलंडचा आंटोन गेसिंक समोरासमोर आले. गेसिंक जिंकला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खेळात जपान हरला आणि प्रेक्षागृह सुन्न झाले. गेसिंकचे देशबांधव आनंदाने मॅटकडे धावले, तोच त्याने हात वर करून त्यांना थांबवले. कामिनागाशी नमस्कार व्हायचा राहिला होता.

येत्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजल्यापासून आम्ही पापनिवेदनासाठी बसू. त्याआधी आम्ही धर्मगुरू नेहमीप्रमाणे एकमेकांपुढे गुडघे टेकून येऊ. ज्यांचे कोणाशी बोलणे नाही, त्यांनी येताना त्या घरावरून यावे. दार उघडले नाही, तरी यावे.